पर्जन्यनोंदीचा आलेख : एक नोंदवही, दोन दर्शने

सातारा जिल्ह्याच्या नकाशावर पश्चिमेकडून पूर्वेकडे बोट फिरविले, तर शे-सव्वाशे किलोमीटरच्या अंतरात पावसाची दोन टोके दिसून येतात. महाबळेश्वरी वर्षाकाठी पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळतो. माण तालुक्यात तो सरासरीने पाचशेच्या आसपास घुटमळतो. या दोहोंच्या मध्ये, पुणे-बंगळूर महामार्गावर, कराड तालुक्यातील उंब्रज हे गाव वसलेले आहे. समर्थ रामदासांनी स्थापन केलेल्या अकरा मारुतींपैकी एक येथे आहे आणि तारळी नदी येथेच कृष्णेस मिळते. पश्चिमेच्या डोंगरात झालेला पाऊस तारळीच्या पाण्याने उंब्रजला कळतो आणि गावावर झालेला पाऊस पर्जन्यमापकाने कळतो. या दुसऱ्या पावसाच्या नोंदीसंबंधी, आणि ती नोंद संगणकाच्या पडद्यावर आलेखरूपाने कशी आणावी यासंबंधी, येथे विचार करावयाचा आहे.

प्रश्न वरकरणी किरकोळ वाटेल. संगणकावर आकडे भरले आणि एक बटण दाबले की तयार आलेख उमटतो, मग आणखी काय हवे, असे कोणीही विचारील. परंतु या तयार आलेखातच एक खोच आहे. ती समजून घेण्यासाठी प्रथम नोंदवहीकडे वळावे लागेल.

पावसाचे मोजमाप सकाळी साडेआठ वाजता घेण्याची पद्धत आहे. आदल्या दिवशीच्या साडेआठपासून त्या दिवशीच्या साडेआठपर्यंत जो पाऊस पडला, तो त्या दिवसाच्या नावावर मांडला जातो. म्हणून मंगळवारच्या रकान्यातील आकड्याचा मोठा भाग सोमवारी पडलेल्या पावसाचा असू शकतो. पाऊस मुळीच पडला नसेल, तर रकान्यात 'निरंक' असा शेरा येतो. मापकात बिघाड झाला किंवा वाचन घेता आले नाही, तर रकाना मोकळा राहतो. निरंक आणि मोकळा यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. पहिला रकाना 'पाऊस पडला नाही' असे सांगतो, दुसरा 'ठाऊक नाही' एवढेच सांगतो.

याच नोंदवहीवर एक मोठी गोष्ट अवलंबून असते. एखाद्या महसूल मंडळात चोवीस तासांत ६५ मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला, म्हणजे तेथे अतिवृष्टी झाली असे शासकीय मदतीच्या संदर्भात मानले जाते. पिकांच्या नुकसानीचा विचार त्या आधारे पुढे सरकतो. प्रत्यक्ष नुकसान किती, हे अर्थातच पंचनाम्यातूनच ठरते. तथापि ग्रामसभेत बसलेल्या शेतकऱ्याच्या मनात पहिला प्रश्न असतो तो हाच, की आपल्या मंडळाचा आकडा ६५ च्या वर गेला की नाही? ६४ आणि ६६ यांत पावसाच्या दृष्टीने दोन मिलिमीटरांचा फरक असतो. कागदोपत्री मात्र तो उंबरठ्याच्या अलीकडचा आणि पलीकडचा फरक ठरतो.

तयार आलेखाची खोच

तयार आलेख काढून देणाऱ्या बहुतेक आज्ञावल्या उभ्या अक्षाचे प्रमाण स्वतःच ठरवितात. दिलेल्या आकड्यांतील सर्वांत मोठा आकडा पाहून त्याच्या बेताने अक्ष आखला जातो. कोरड्या आठवड्यात सर्वाधिक पाऊस चार मिलिमीटर असेल, तर त्या चार मिलिमीटरचा स्तंभ पडद्याच्या माथ्यापर्यंत जातो. पुढच्या आठवड्यात ऐंशी मिलिमीटर पाऊस झाला, तर त्याचाही स्तंभ तितकाच उंच. दोन्ही आठवड्यांचे कागद शेजारी लावून पाहणाऱ्या पंचाला दोन्ही सारखेच दिसतात. आकडे खरे असूनही चित्र खोटे ठरण्याचा हा प्रकार आहे.

याच्या उलट प्रकार संपूर्ण जिल्ह्याचा आलेख एकत्र काढताना घडतो. जुलै २०२१ मध्ये महाबळेश्वरी चोवीस तासांत ५९० मिलिमीटरहून अधिक पाऊस नोंदला गेला. तो आकडा सामावून घेण्यासाठी अक्ष ० ते ६०० मिलिमीटर असा धरावा लागतो. पडद्यावर आलेखासाठी ४०० बिंदूंची उंची उपलब्ध असेल, तर एका मिलिमीटरच्या वाट्यास बिंदूचे दोन तृतीयांश एवढीच जागा येते. आता ६४ मिलिमीटरचा स्तंभ ४२.६७ बिंदूंचा होतो आणि ६५ ची रेषा ४३.३३ बिंदूंवर येते. पडद्याला अर्धा बिंदू रंगविता येत नाही. पूर्णांकात घेतले की दोन्ही ४३ वर येऊन बसतात. उंब्रजचा स्तंभ रेषेला टेकलेला दिसतो आणि ग्रामसभेत वाद सुरू होतो! हाच अक्ष ० ते १०० असा धरला, तर एका मिलिमीटरला चार बिंदू मिळतात आणि ६४ चा स्तंभ रेषेच्या चार बिंदू खाली स्पष्टपणे थांबतो.

कोणते प्रमाण योग्य, हे आज्ञावलीस कळणे शक्य नाही. ते प्रश्न ज्याला ठाऊक आहे त्यानेच ठरवावयाचे असते. म्हणूनच आपल्या कामापुरते आलेखदर्शन स्वतः घडविण्याची आवश्यकता निर्माण होते. आणि ते वाटते तितके कठीण नाही.

नोंदवही वेगळी, दर्शन वेगळे

आकड्यांना रेषेचे व स्तंभाचे रूप देण्याची कला फार जुनी नाही. स्कॉटलंडमधील विल्यम प्लेफेअर याने १७८६ साली प्रसिद्ध केलेल्या व्यापारविषयक संग्रहात असे आलेख प्रथम विस्ताराने वापरले. संगणकाच्या पडद्यावर ही कला आणताना एक नवा विचार पुढे आला, तो नॉर्वेचे शास्त्रज्ञ ट्रिग्वे रीन्सकाउग यांचा. १९७९ मध्ये अमेरिकेतील झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रात काम करीत असताना त्यांनी असे मांडले, की मूळ माहिती आणि तिचे पडद्यावरील दर्शन ही दोन निरनिराळी अंगे मानावीत. माहितीने आपण कशा दिसतो याची चिंता करू नये आणि दर्शनाने माहितीची स्वतंत्र प्रत जवळ बाळगू नये.

शासकीय कार्यालयात वावरणाऱ्यांना हा विचार परका वाटू नये. मूळ नोंदवही एकच असावी आणि उतारे तिच्यावरून काढावेत, हा तर दप्तराचा जुनाच दंडक आहे. उताऱ्यात परस्पर दुरुस्ती केली की घोटाळा होतो. संगणकातही नेमके तेच घडते. आकड्यांची एक प्रत तक्त्यात आणि दुसरी आलेखात ठेवली, तर आज ना उद्या दोहोंत फरक पडतो आणि मग कोणते खरे याचा शोध घेत बसावे लागते.

पडद्यावरील खिडक्या, बटणे, याद्या, तक्ते तयार करून देणाऱ्या आज्ञावल्यांच्या संग्रहास चित्रात्मक साधनसंच, किंवा रूढ भाषेत टूलकिट, असे म्हणतात. असे अनेक संच आज उपलब्ध आहेत. त्यांपैकी 'क्यूट' हा संच १९९५ मध्ये नॉर्वेतूनच प्रथम प्रसिद्ध झाला. तो मुक्त परवान्यावर विनामूल्य वापरता येतो आणि पायथॉन या सोप्या संगणकभाषेतूनही त्याच्याकडून काम करून घेता येते. माहिती व दर्शन यांची फारकत या संचात मुळातच केलेली आहे. माहितीच्या अंगास त्यात 'मॉडेल' व दर्शनाच्या अंगास 'व्ह्यू' म्हणतात. तक्त्याचे दर्शन तयार मिळते. आलेखाचे दर्शन हवे असेल, तर संचातील दर्शनाचा मूळ साचा घेऊन त्यात आपल्या कामाचे चार-सहा भाग भरावयाचे असतात. एकाच मॉडेलला तक्ता आणि आलेख असे दोन्ही जोडले, की नोंदवही एक आणि दर्शने दोन अशी व्यवस्था सिद्ध होते.

आकड्यापासून स्तंभापर्यंत

आता एक उदाहरण घेऊ. आठवड्याच्या सात नोंदी अशा आहेत असे समजा : १२, ३८, ७१, ६४, निरंक, मोकळा, २२. हे आकडे समजुतीपुरते घेतलेले आहेत, कोणत्याही प्रत्यक्ष वर्षाचे नव्हेत.

दर्शनाचे पहिले काम रंगविण्याचे. शाळेत आलेखकागदावर काम केलेल्या विद्यार्थ्यास यातील गणित नवे नाही. एकच गोष्ट त्याला बुचकळ्यात टाकते. आलेखकागदावर आरंभबिंदू खाली डाव्या कोपऱ्यात असतो आणि वर जाताना आकडे वाढतात. पडद्यावर आरंभबिंदू वरच्या डाव्या कोपऱ्यात असतो आणि खाली येताना आकडे वाढतात. नवशिक्याचा पहिला आलेख म्हणूनच बहुधा उलटा टांगलेला दिसतो. शिक्षकांनी ही चूक वर्गात मुद्दाम होऊ द्यावी. एकदा झाली की पुन्हा होत नाही.

वर २० बिंदूंचा समास, त्याखाली ४०० बिंदूंची आलेखाची जागा, म्हणजे पायाची रेषा ४२० वर येते. अक्ष ० ते १०० मिलिमीटर, म्हणून दर मिलिमीटरला ४ बिंदू. तिसऱ्या दिवसाच्या ७१ मिलिमीटरची उंची २८४ बिंदू. ती ४२० मधून वजा करावयाची, म्हणजे स्तंभाचा माथा १३६ वर. ६५ ची रेषा याच हिशेबाने १६० वर येते आणि चौथ्या दिवसाचा माथा १६४ वर. आडव्या बाजूस डावीकडे ६० बिंदूंचा समास सोडून प्रत्येक दिवसास ८० बिंदूंचा पट्टा दिला आणि पट्ट्यात दोन्ही बाजूंस १५ बिंदू मोकळे ठेवले, तर तिसऱ्या दिवसाचा स्तंभ २३५ पासून २८५ पर्यंत उभा राहतो.

हे सर्व आकडे आज्ञावलीत कायमचे लिहून ठेवू नयेत. वापरणारा खिडकी लहान-मोठी करतो, तेव्हा उपलब्ध उंची बदलते आणि हिशेब पुन्हा करावा लागतो. साधनसंच अशा प्रत्येक वेळी दर्शनाला 'स्वतःला पुन्हा रंगव' असे कळवितो. त्या आज्ञेला उत्तर देणारा भाग, ज्याला 'पेंट इव्हेंट' म्हणतात, त्यातच हा हिशेब असावा. नोंदवहीतील एखादा आकडा दुरुस्त झाला, तर मॉडेल तशी सूचना देते. दर्शनाने ती सूचना ऐकून लगेच रंगवू लागण्याचे कारण नाही. पुन्हा रंगविण्याची मागणी तेवढी नोंदवावी. अनेक मागण्या एकदम आल्या तर साधनसंच त्या एकत्र करून एकदाच रंगवून घेतो. पुष्कळ नोंदी भरभर भरल्या जात असताना पडदा लुकलुकत नाही, तो यामुळेच.

पाचव्या व सहाव्या दिवशी काय रंगवावे? येथेच घरच्या घरी केलेल्या दर्शनाचा खरा लाभ दिसतो. तयार आज्ञावल्यांत मोकळा रकाना पुष्कळदा शून्य समजला जातो आणि दोन्ही दिवस सारखेच रिकामे दिसतात. आपल्या दर्शनात निरंकाच्या दिवशी पायाच्या रेषेवर ठळक '०' लिहावे. मोकळ्या दिवसाचा पूर्ण पट्टा फिकट तिरप्या रेघांनी भरून 'नोंद नाही' असे लिहावे. त्या रेघा पाहून कोणीतरी विचारील की त्या दिवशी मापकाचे काय झाले होते; आणि असे विचारले जाणे इष्टच आहे. त्यासाठी मॉडेलमध्येही निरंकाला शून्य हा आकडा आणि मोकळ्या रकान्याला रिकामेपणाचे स्वतंत्र चिन्ह ठेवले पाहिजे. तेथे दोन्ही एक झाले, की दर्शनाला काहीही करता येत नाही.

पावसाच्या नोंदी स्तंभांनीच दाखवाव्यात, रेषेने जोडू नयेत. सोमवारच्या ३८ पासून मंगळवारच्या ७१ पर्यंत रेषा ओढली, तर मधल्या वेळी पाऊस ५४ होता असा भास होतो. त्याला काही अर्थ नाही. नदीच्या पाणीपातळीचे तसे नसते. पातळी एका उंचीवरून दुसरीवर जाताना मधल्या सर्व उंचींतून जाते, म्हणून तिला रेषा शोभते. सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णेची इशारा पातळी ४० फूट व धोक्याची ४५ फूट मानली जाते आणि ऑगस्ट २०१९ च्या महापुरात पाणी ५७ फुटांच्याही वर गेले होते. अशा आलेखात अक्ष शून्यापासून सुरू करण्याची सक्ती नाही. ४० व ४५ या दोन्ही रेषा आणि २०१९ ची उंची त्यात सामावली पाहिजे, एवढे पथ्य पुरे. स्तंभाला मात्र शून्याचा पाया सोडता येत नाही, कारण पाहणारा त्याची लांबी मोजत असतो.

आणि १०० च्या वर पाऊस गेला तर? काही जण स्तंभ मध्येच तोडून वाकडी खूण करतात. उंब्रजसारख्या ठिकाणी ते टाळलेले बरे. अक्ष शंभराच्या टप्प्यांनी वाढवावा, म्हणजे १००, २००, ३००; आणि प्रमाण बदलले आहे हे वरच्या बाजूस ठळकपणे लिहावे. शंभराच्या खाली मात्र तो कधीही येऊ देऊ नये. चार मिलिमीटरचा आठवडा मग चार मिलिमीटरसारखाच दिसतो. जिल्ह्याच्या आलेखात प्रत्येक मंडळाला स्वतंत्र चौकट द्यावी. महाबळेश्वरच्या मापाने उंब्रज मोजू नये.

बोट ठेवल्यावर उत्तर देणारा आलेख

भिंतीवरील तक्ता आणि पडद्यावरील आलेख यांत एक मोठा फरक आहे. पडद्यावरील आलेखावर माऊसने निर्देश केला, तर तो कोणत्या नोंदीचा हे सांगू शकतो. त्यासाठी साधनसंच दर्शनाकडे दोन प्रश्नांची उत्तरे मागतो. पहिला : अमुक नोंद पडद्यावर कोठे आहे? दुसरा त्याच्या उलट : अमुक बिंदूवर कोणती नोंद आहे? संचाच्या परिभाषेत यांना अनुक्रमे 'व्हिज्युअल रेक्ट' आणि 'इंडेक्स अ‍ॅट' अशी नावे आहेत. गावकामगाराला गटक्रमांक सांगितल्यावर तो नकाशावरची जागा दाखवितो आणि जागा दाखविल्यावर गटक्रमांक सांगतो, तसेच हे आहे.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर वर काढलेल्या हिशेबातच आलेले आहे. दुसऱ्यासाठी तोच हिशेब मागून पुढे करावयाचा. समजा, आडव्या दिशेने २५० व्या बिंदूवर क्लिक झाले. डावा समास ६० वजा केला की १९० उरतात. ८० ने भागल्यास २.३७५ येतात, अपूर्णांक सोडला की २. संगणक शून्यापासून मोजतो, म्हणून ही तिसरी नोंद. लगेच शेजारच्या तक्त्यातील तिसरी ओळ उजळून निघते, कारण निवडीची नोंदही दोन्ही दर्शनांना समाईक ठेवता येते. तक्त्यातील ओळ निवडली, तर आलेखातील स्तंभ उजळतो.

येथे एक सूक्ष्म चूक संभवते. क्लिक स्तंभाच्या रंगविलेल्या भागात पडले तरच उत्तर द्यावयाचे असे ठरविले, तर निरंक व मोकळ्या दिवसांवर कधीच बोट ठेवता येणार नाही, कारण त्यांना स्तंभच नाही. आणि चौकशीची गरज बहुधा त्याच दिवसांची असते. म्हणून दिवसाचा संपूर्ण पट्टा, पायापासून माथ्यापर्यंत, त्या नोंदीचा मानावा.

बाकीची कामे थोडक्यात उरकतात. संपूर्ण पावसाळ्याच्या, जून ते सप्टेंबर या चार महिन्यांच्या, १२२ नोंदी एका खिडकीत मावत नाहीत. निवडलेली नोंद दृष्टीआड असेल तर आलेख सरकवून ती समोर आणण्याचा भाग 'स्क्रोल टू' या नावाचा आहे. बाणाच्या कळांनी पुढच्या-मागच्या दिवसावर जाण्याचा भागही भरावा. माऊस न वापरणाऱ्यांची त्याने सोय होते.

मराठी अक्षरांबाबत मात्र दक्षता हवी. आलेखाखाली गावाचे नाव लिहिताना काही जण एकेक अक्षर वेगळे करून रंगवितात. इंग्रजीत ते खपून जाते. 'उंब्रज' या शब्दातील अनुस्वार उवरून निसटतो आणि ब्र चे जोडाक्षर फुटते. पूर्ण शब्द एकदम साधनसंचाच्या स्वाधीन करावा, तोच तो नीट जुळवितो. शब्दाची रुंदीही त्यालाच विचारावी; अक्षरे मोजून अंदाज करू नये. रंगांवरही सर्वस्वी विसंबू नये. ग्रामपंचायतीच्या फलकावर लागणारी प्रत बहुधा काळ्या-पांढऱ्यात छापलेली असते आणि लाल-हिरव्यातील भेद न दिसणारी माणसे प्रत्येक गावात असतात. ६५ च्या वर गेलेला स्तंभ गडद भरावा, खालचा फिकट ठेवावा आणि प्रत्येकाच्या माथ्यावर आकडा लिहावा.

दर्शन तयार झाले की ते कसोटीला लावावे. नोंदवहीत एका दिवसाचा आकडा ६४ लिहावा, स्तंभ रेषेखाली राहतो का पाहावे. मग ६५ करावा, तो रेषेला नेमका टेकला पाहिजे आणि फिकटच राहिला पाहिजे, कारण निकष ६५ हून अधिकचा आहे. मग ६६ करावा. त्यानंतर आकडा पुसून रकाना मोकळा करावा आणि तिरप्या रेघा उमटतात का ते पाहावे. खिडकी अगदी अरुंद करून आणि पडदाभर पसरून हेच पुन्हा करावे. सरतेशेवटी त्याची छापील प्रत काढून, आज्ञावली ज्याने पाहिलेली नाही अशा एखाद्या ग्रामपंचायत सदस्याच्या हाती द्यावी आणि कोणत्या दिवशी अतिवृष्टी झाली व कोणत्या दिवसाची नोंदच नाही, एवढे दोनच प्रश्न त्याला विचारावेत.